पहिला मोजा विणताना: टाक्यांचा हिशेब, टाच आणि कळी

मफलर, टोपडं, बाळाचा स्वेटर एवढं दोन सुयांवर जमतं, पण मोज्यांना अजून हात लावलेला नाही. पाच सुया एकदम कशा सांभाळायच्या, टाके किती घालायचे आणि टाच नेमकी वळते कशी, असा हा प्रश्न आहे.

सुलट, उलट आणि दोन टाके एकत्र विणणं येत असेल, तर मोज्यासाठी एकही नवा टाका शिकावा लागत नाही. मोजा म्हणजे एक नळी. पाय घोट्यापाशी काटकोनात वळतो, म्हणून त्या नळीला एका जागी कोपर काढावं लागतं. मागच्या अर्ध्या टाक्यांवर पुढच्यापेक्षा जास्त ओळी विणल्या की नळी आपोआप वाकते. टाचेचं सगळं गुपित एवढंच आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत, चुकलं तर कुठे चुकलं हेही कळतं.

आधी लोकर. पहिला मोजा बारीक धाग्यावर सुरू करू नका. मोज्यांची खास लोकर बारीक असते, १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर. तिच्यावर ६४ टाके लागतात, एक इंच व्हायला बराच वेळ जातो आणि काळपट रंग असेल तर टाका दिसतही नाही. त्यापेक्षा डबल निटिंग, म्हणजे मध्यम जाडीची, फिक्या आणि एकाच रंगाची लोकर घ्या. मोठ्या माणसाच्या जोडीला १०० ग्रॅम बहुधा पुरते, पण पाऊल मोठं असेल तर कमी पडते, म्हणून ५० ग्रॅमचे तीन गुंडे घेऊन ठेवावेत. तिन्ही एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले आहेत ना, हे लेबलावर पाहा.

आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक लोकर अ‍ॅक्रिलिकची असते. शिकण्यासाठी ती चालेल. ती धुतल्यावर आटत नाही, पण घाम शोषत नाही आणि गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. रोज वापरायच्या मोज्यांसाठी तीन भाग लोकर आणि एक भाग नायलॉन असं मिश्रण सगळ्यांत चांगलं. शंभर टक्के मेरिनो हाताला लोण्यासारखी लागते, पण टाचेला लवकर विरते. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम, मोज्यासाठी मात्र ती फार भरड आणि टोचरी. नुसत्या सुताचे मोजे पहिल्या प्रयत्नाला नकोतच. सुताला ताण नसतो, त्यामुळे दोन तासांत मोजा घोट्याशी गोळा होतो.

सुया १० नंबरच्या घ्या, म्हणजे ३.२५ मिमी. आपल्याकडे अजून जुनी ब्रिटिश मोजणी चालते, तिच्यात नंबर मोठा तशी सुई बारीक. अमेरिकन नमुन्यांत हे बरोबर उलटं असतं, म्हणून परदेशी नमुना वाचताना नेहमी मिलिमीटर बघा. लेबलावर ४ मिमीची, म्हणजे ८ नंबरची सुई लिहिलेली असेल. स्वेटरला ती ठीक आहे. मोजा चपलेत, बुटात घासला जातो, म्हणून वीण दाट हवी आणि सुई दोन नंबरांनी बारीक. दोन्ही बाजूंना टोक असलेल्या १८ ते २० सेंमी लांबीच्या पाच सुयांचा संच मिळाला तर उत्तम. चारांचाच संच मिळाला तरी काम अडत नाही, ते पुढे येईल. धातूच्या सुयांपेक्षा बांबूच्या सुया शिकताना सोयीच्या, कारण त्या निसटून खाली पडत नाहीत. शिवाय बोथट टोकाची मोठी सुई, एक क्रोशाची सुई, टेप आणि खुणेसाठी दोन रंगीत दोरे जवळ ठेवा.

आता टाक्यांचा हिशेब. हा भाग कृपा करून वगळू नका. बिघडलेल्या पहिल्या मोज्यांपैकी बहुतेक इथेच बिघडतात. तीस टाके घालून सुलट विणीचा बारा सेंमीचा चौकोनी तुकडा विणा, ओला करून वाळवा आणि मधल्या भागात १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. कडा मोजायच्या नाहीत, त्या नेहमी वेड्यावाकड्या असतात. समजा २४ टाके आले, म्हणजे सेंमीला २.४. मग चवड्याच्या सर्वांत रुंद भागाचा घेर मोजा, समजा २२ सेंमी. मोजा पायापेक्षा दहा टक्के लहान हवा, तरच तो पायाला धरून राहतो. २२ चे नव्वद टक्के १९.८, गुणिले २.४, म्हणजे ४७.५. आपण ४८ धरू. आठाने भाग जाणारा आकडा घेतला की टाचेचा हिशेब शेवटपर्यंत नीट बसतो, त्यामुळे ४०, ४८, ५६, ६४ यांतलाच जवळचा निवडा.

हात सैल असेल आणि १० सेंमीत २२ च टाके आले, तर त्याच ४८ टाक्यांचा घेर जवळजवळ २२ सेंमी होईल, म्हणजे पायाएवढाच. असा मोजा खाली घसरतो आणि बुटात त्याच्या घड्या पडतात. टाके कमी करण्यापेक्षा सुई एक नंबर बारीक घ्या, वीण दाट राहील.

पुढचे सगळे आकडे ४८ टाक्यांचे आहेत.

टाके घालताना हात मुद्दाम सैल ठेवा. दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर टाके घालायचे आणि मग एक सुई ओढून काढायची, ही सोपी युक्ती. कारण असं: मोजा चढवताना त्याच्या तोंडातून टाचेचा सर्वांत फुगीर भाग जावा लागतो. टाचेच्या टोकापासून पावलाच्या वरच्या घडीपर्यंत टेप तिरपा फिरवून बघा, २२ सेंमीच्या पायाला तो घेर तिशीच्या आसपास भरेल. काठ तेवढा ताणला गेला नाही, तर मोजा कितीही सुंदर असला तरी पायात जात नाही. आणि घातलेले टाके नंतर सैल करता येत नाहीत.

बॉर्डर दोन सुलट, दोन उलट. पहिल्या चार ओळी साध्या दोन सुयांवर, जाऊन-येऊन विणा. मगच टाके चार सुयांवर बारा-बारा वाटून गोल जोडा. लगेच जोडायला गेलं तर टाक्यांची माळ सुईभोवती पिळली जाते, आणि तो पीळ बऱ्याच फेऱ्या झाल्यावर लक्षात येतो. तेव्हा सगळं उसवण्याशिवाय मार्ग नसतो. चार ओळींची पट्टी असली की पीळ डोळ्यांना दिसतो. राहिलेली छोटीशी फट शेवटी टाके घालतानाच्या शेपटीने शिवून टाका.

पाच सुया धरायची भीती एका गोष्टीने जाते: एका वेळी काम दोनच सुयांचं असतं. टाके असलेली डावी आणि रिकामी उजवी. बाकीच्या तीन नुसत्या लोंबकळत असतात, त्यांच्याकडे बघायचं नाही. विणत असलेल्या दोन सुया आपल्या अंगाकडच्या बाजूला असाव्यात आणि मोज्याची सुलट बाजू बाहेर. पलीकडच्या बाजूने विणलं तर नळी आतली बाहेर होते. तसं झालं तर घाबरू नका, मोजा सुयांच्या मधून उलटा करून घ्या.

दोन सुयांच्या सांध्यावर सैल टाक्यांची उभी शिडी पडणं ही नवशिक्यांची ठरलेली तक्रार. नव्या सुईवरचा पहिला टाका सगळेच घट्ट ओढतात, तरी शिडी पडते. दुसरा टाका विणल्यावर धागा ओढून बघा, तेव्हा पहिलाही आवळला जातो. तेवढ्यानेही नाही गेली तर दर फेरीत एक-दोन टाके पुढच्या सुईवर सरकवा, म्हणजे सांधा एका जागी राहत नाही. पण हे टाचेच्या आधीच, टाचेशी पोहोचताना पुन्हा बारा-बारा व्हायला हवेत. बारीक शिड्या पहिल्या धुण्यात बऱ्याच मिटतात.

बॉर्डर ५ सेंमी झाली की पुढे सगळ्या फेऱ्या सुलट. गोल विणताना उलटी बाजू कधी समोर येतच नाही, त्यामुळे उलट टाका इथे विणावा लागत नाही. तोंडापासून १५ सेंमी होईपर्यंत चालू द्या. फेरीची सुरुवात पायाच्या मागे मध्यावर समजा आणि तिथून सुयांना १, २, ३, ४ असे क्रमांक द्या. १ आणि ४ मागच्या, २ आणि ३ पुढच्या. सुया चारच असतील तर पुढचे २४ टाके एकाच सुईवर ठेवा.

इथून टाच. सुई १ चे बारा टाके सुलट विणा आणि काम उलटं फिरवा. पहिला टाका न विणता उचला, पुढचे अकरा उलट विणा आणि त्याच सुईवर सुई ४ चे बारा टाकेही उलट विणून घ्या. आता टाचेचे २४ टाके एका सुईवर आले. पुढचे २४ तसेच थांबतील, त्यांना हात लावायचा नाही. टाचेची पट्टी या दोन ओळींची:

सुलट बाजूने: एक टाका न विणता उचला, एक सुलट, असं शेवटपर्यंत.
उलट बाजूने: पहिला न विणता उचला, बाकी २३ उलट.

या दोन ओळी बारा वेळा, म्हणजे एकूण २४ ओळी. टाका उचलताना उलट विणायला सुई घालतो तशीच घाला. सुलट ओळीत धागा मागे, उलट ओळीत धागा पुढे, म्हणजे तो नेहमी मोज्याच्या आतल्या बाजूला राहतो. चुकून बाहेर आला तर टाचेवर आडव्या दोऱ्या दिसतील. उचललेल्या टाक्यांमुळे आतून धाग्याचा दुसरा थर बसतो आणि टाच जाड, टिकाऊ होते. पट्टीच्या दोन्ही कडांना साखळी दिसेल. ओळी मोजायच्या नसतील तर साखळीच्या कड्या मोजा, प्रत्येक बाजूला बारा हव्यात.

टाच वळवणं आता. घटीचे दोन प्रकार लागतील. उजवी घट म्हणजे दोन टाके एकत्र सुलट. डावी घट म्हणजे एक टाका सुलट विणतो तसा सुई घालून न विणता उचला, पुढचा सुलट विणा आणि उचललेला त्याच्यावरून उलटवा. पहिली घट उजवीकडे झुकते, दुसरी डावीकडे.

ओळ १: पहिला उचला, १३ सुलट, डावी घट, १ सुलट. सुईवर ७ टाके शिल्लक असतानाच काम फिरवा.
ओळ २: पहिला उचला, ५ उलट, दोन एकत्र उलट, १ उलट. इथेही ७ शिल्लक. फिरवा.
ओळ ३: पहिला उचला, ६ सुलट, डावी घट, १ सुलट, फिरवा.
ओळ ४: पहिला उचला, ७ उलट, दोन एकत्र उलट, १ उलट, फिरवा.

अर्धी ओळ सोडून मागे फिरणं पहिल्यांदा चुकीचं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं. विश्वास ठेवा आणि फिरवा. जिथून फिरलात तिथे विणलेल्या आणि न विणलेल्या टाक्यांमध्ये एक फट दिसते. ओळ ३ पासून मोजण्यापेक्षा फटीकडे बघा: फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, हे दोन एकत्र विणायचे, मग आणखी एक विणून फिरायचं. दर ओळीत मधले टाके एकाने वाढत जातात: ८, ९, १०, ११. ओळ ९ आणि १० मध्ये फटीपलीकडे एकच टाका उरलेला असतो, त्यामुळे घट झाली की ओळ संपते. शेवटी सुईवर १४ टाके हवेत. १५ किंवा १३ असतील तर एखादी घट सुटली किंवा जास्त झाली. पुढे रेटू नका, या दहा ओळी उसवून पुन्हा विणायला फार वेळ लागत नाही. आणि टाच वळवताना मध्येच उठू नका. दाराची बेल वाजली तरी ओळ पूर्ण करून उठा, नाहीतर कोणत्या दिशेने जात होतो ते कळत नाही.

आता कळी. सदऱ्याच्या काखेत शिंपी कळी घालतो तीच कल्पना: जिथे जास्त घेर लागतो तिथे जादा कापड. १४ पैकी ७ टाके सुलट विणा. इथे मागचा मध्य, म्हणजे फेरीची सुरुवात. दोऱ्याची खूण बांधा. नव्या सुईने उरलेले ७ विणा आणि त्याच सुईने पट्टीच्या कडेच्या साखळीतून १२ नवे टाके उचला. पट्टी आणि पुढचे टाके जिथे भेटतात त्या कोपऱ्यातून आणखी एक, असे १३. सुई २ आणि ३ वरचे २४ टाके सुलट विणा. दुसऱ्या कडेवर आधी कोपऱ्यातून एक आणि मग साखळीतून १२ उचला आणि मघाचे ७ विणून खुणेशी या. सुयांवर आता २०, १२, १२, २० असे ६४ टाके.

कोपऱ्यातला तो जादा टाका लोक टाळतात आणि मग घोट्याशी भोक पडलं म्हणतात. भोक तिथेच पडतं, कारण पुढचे टाके टाच होईपर्यंत थांबलेले असतात आणि सांध्यावर सगळा ताण येतो. पुढच्या फेरीत उचललेले सगळे टाके फासाच्या मागच्या बाजूतून सुई घालून, म्हणजे पीळ देऊन विणा. भोक मिटतं.

त्यानंतरच्या फेरीपासून घट. सुई १ वर शेवटचे ३ टाके राहीपर्यंत सुलट, उजवी घट, १ सुलट. सुई २ आणि ३ तशाच. सुई ४ वर १ सुलट, डावी घट, बाकी सुलट. पुढची फेरी साधी. असं एकाआड एक, आठ वेळा घट झाली की प्रत्येक सुईवर पुन्हा बारा. घटीच्या दोन तिरप्या रेषा घोट्यापासून तळव्याकडे उतरताना दिसतील. त्या उलट्या दिशेला झुकत असतील तर डावी-उजवी अदलाबदल झाली आहे. मोजा बिघडत नाही, फक्त रेष खडबडीत दिसते.

पाऊल नुसतं सुलट विणत जायचं. टाचेच्या मागच्या टोकापासून मोजत राहा. पायाची लांबी २४ सेंमी असेल तर मोजा ताणाशिवाय २३ हवा, आणि बोटांचा भाग साधारण साडेचार सेंमी होतो, म्हणून १८.५ सेंमीला थांबा. वरून खाली विणलेल्या मोज्याचा मोठा फायदा इथे: सुया असतानाच पायात घालून बघता येतो. करंगळीचं टोक झाकलं गेलं की बोटांचा भाग सुरू करायची वेळ झाली.

बोटांसाठी सुई १ आणि ३ च्या शेवटी उजवी घट आणि १ सुलट, सुई २ आणि ४ च्या सुरुवातीला १ सुलट आणि डावी घट. एका फेरीत चार टाके कमी. एकाआड एक फेरीत सहा वेळा, मग लागोपाठ दोन फेऱ्या. प्रत्येक सुईवर चार, एकूण सोळा.

शेवट दोन तऱ्हांनी होतो. सोपा: एका फेरीत सगळीकडे दोन-दोन एकत्र विणून आठ टाके उरवा, त्यांतून धागा ओवून ओढा आणि आत गाठ मारा. छोटी गुंडी होते, घरात वापरायला चालते. बुटात मात्र ती बोटांना टोचते, म्हणून दुसरी तऱ्हा शिकाच. इंग्रजीत ती लॉर्ड किचनरच्या नावाने ओळखली जाते, १९०२ ते १९०९ मध्ये हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला तोच. सुई १ चे टाके सुई ४ वर विणून घ्या, म्हणजे तळव्याचे आठ एका सुईवर. वरचे आठ दुसरीवर. दोन्ही सुया समांतर, वरचा भाग आपल्याकडे. हातभर धागा ठेवून कापा आणि बोथट सुईत ओवा. सुरुवातीला पुढच्या सुईच्या पहिल्या टाक्यातून उलटसारखी सुई घाला, मागच्या पहिल्यातून सुलटसारखी, दोन्ही टाके सुईवरच ठेवा. मग हे घोकत राहा: पुढे, सुलट उतरव, उलट ठेव, मागे, उलट उतरव, सुलट ठेव. म्हणजे पुढच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यातून सुलटसारखी सुई घालून तो उतरवायचा, त्यानंतरच्यातून उलटसारखी घालून तो सुईवरच ठेवायचा, आणि मागच्या सुईवर याच्या बरोबर उलट. धागा फार ओढू नका. शिवण झाल्यावर पहिल्या टाक्यापासून एकेक आवळत या, टाके शेजारच्या विणीएवढे झाले की शिवण दिसेनाशी होते.

दुसरा मोजा त्याच आठवड्यात विणायला घ्या. हात दिवसागणिक सैल-घट्ट होतो आणि महिन्याने विणलेला मोजा पहिल्याच्या मापाचा होत नाही. पहिला विणतानाच कागदावर फेऱ्या लिहून ठेवा: बॉर्डर किती, घोट्यापर्यंत किती, कळीनंतर पावलाच्या किती. टेपपेक्षा फेऱ्यांचा आकडा खरा, कारण विणलेलं ताणून दोन सेंमी सहज वाढवता येतं. घरात वजनकाटा असेल तर पहिला मोजा तोलून बघा, दुसऱ्याला लोकर पुरेल का ते तेव्हाच कळेल.

पुढे बारीक लोकरीवर याल तेव्हा हेच प्रमाण वापरा. १० सेंमीत ३२ टाके येत असतील तर त्याच २२ सेंमीच्या पायाला ६४ टाके. टाच निम्म्यावर, म्हणजे ३२. पट्टीच्या ओळीही ३२. टाच वळवताना पहिल्या ओळीत निम्मे अधिक दोन, म्हणजे १८ टाके झाल्यावर घट आणि १ सुलट. दुसऱ्या ओळीत मात्र नेहमी पाचच उलट. शेवटी १८ टाके उरतील. कडेने १६ अधिक १ उचलायचे.

धुताना खऱ्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणं दोन्ही वर्ज्य, ती आटून नमदा होते. कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवे वाळवा. अ‍ॅक्रिलिकच्या मोज्यांवर इस्त्री फिरवू नका, एकदा गरम झालं की बॉर्डरचा ताण जातो आणि परत येत नाही.